कारणासकट आठवण

२ डिसेंबर जवळ आला की अनेक शाळांच्या सूचनाफलकावर चित्रकला आणि निबंध स्पर्धेची सूचना लागते. दिवस असतो राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिनाचा. मुलं धुराडी काढतात, त्यातून काळा धूर सोडतात, एका बाजूला हिरवं झाड आणि दुसऱ्या बाजूला वाळलेलं झाड काढतात. गुरुजी प्लास्टिकबद्दल आणि फटाक्यांबद्दल चार शब्द बोलतात. बक्षीस मिळतं, फोटो निघतो. हा दिवस १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये गेलेल्या हजारो माणसांच्या स्मरणार्थ पाळला जातो, हे मात्र त्या गडबडीत बहुतेकदा राहून जातं. कधी सांगितलं गेलंच तर विषारी वायू सुटला आणि माणसं मेली, एवढ्यावर वाक्य थांबतं. मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती, निसटलेला वायू जाळून टाकण्यासाठी उभारलेला फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता आणि हे सगळं युनियन कार्बाइडच्या कारखान्यात माणसांच्या निर्णयांमुळे घडलं होतं, इथपर्यंत कुणी पोचत नाही. कारण गळून पडलं की आठवणीला काहीही चिकटवता येतं. मग भोपाळच्या नावाने झाड लावलं तरी चालतं.

राष्ट्रीय शोकांतिका मुलांना शिकवायच्या कशा, या प्रश्नाला आपण दोन तयार उत्तरं शोधून ठेवली आहेत. पहिलं स्मरण: परिपाठात दिनविशेष वाचणं, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं, प्रतिमेला हार घालणं. दुसरं सेवा: श्रमदान, स्वच्छता, वृक्षारोपण, मदतफेरी. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्ही आपल्या शाळांना सवयीची आहेत. अडचण अशी की ही दोन्ही एकमेकांना भेटतच नाहीत. स्मरणात काम नसतं आणि कामात स्मरण नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांना जोडणारा दुवा कारणाचा असतो. माणसं ज्यामुळे गेली, ते कारण मुलांना त्यांच्या वयाला पेलेल इतकं समजावून द्यावं आणि सेवेचं काम त्या कारणातूनच निवडावं. नाहीतर स्मरणाचा समारंभ होतो आणि सेवेचा उपक्रम होतो.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा आपल्याच मातीतल्या एका पहाटेवर घासून पाहावं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून मराठवाड्यातली गावं झोपली होती. चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं बघता बघता ढिगारा झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे, लोकांच्या तोंडी तो दहा हजार असतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली. आजही ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मारकापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. तेव्हाच्या पोरक्या मुलांना आता स्वतःची मुलं आहेत आणि आज शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांचा जन्मही त्या पहाटेनंतरचा आहे. म्हणजे आठवण असलेल्या माणसांकडून ती नसलेल्या माणसांकडे सोपवण्याची वेळ हीच आहे.

सोपवायचं काय? ‘निसर्गापुढे माणूस हतबल असतो’ हे वाक्य सोपवणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य आहे. भूकंपाची तीव्रता साधारण ६.२ होती. एवढ्या तीव्रतेच्या धक्क्याने जगात सगळीकडे इतकी माणसं मरत नाहीत. किल्लारीत माणसं घरांनी मारली. त्या भागातली जुनी घरं दगडमातीची. भिंत दोन-अडीच फूट रुंद, कुठे त्याहूनही जास्त. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड फार थोड्या भिंतींत. वर माळवद: लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दर काही वर्षांनी त्यावर आणखी पांढरी माती पडायची, त्यामुळे घराचं वय वाढेल तसं डोक्यावरचं ओझंही वाढायचं. उन्हाळ्यात हीच भिंत आणि हेच माळवद गारवा द्यायचं. लोक मूर्ख नव्हते. त्यांनी मराठवाड्याच्या उन्हाचा विचार करून घर बांधलं होतं. भूकंपाचा विचार करायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसराला हादरे बसले होते, लोक घाबरून बाहेर झोपले होते. पुढे हादरे कमी झाले आणि माणसं घरात परतली.

आता हे शाळेत कसं येईल ते पाहा. सातवीच्या गणिताच्या तासाला दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट मातीचं माळवद घ्यायचं. १८० घनफूट माती. घनफुटाला ४५ किलो धरले तरी आठ टनांहून जास्त वजन होतं. फळ्यावर ही संख्या लिहिली की वर्गात जी शांतता पसरते, ती स्तब्धतेच्या दोन मिनिटांपेक्षा वेगळ्या जातीची असते. विज्ञानाच्या तासाला विटा आणि माती घेऊन दोन छोट्या भिंती रचायच्या, एकीत आरपार दगड घालायचे, दुसरीत नाही आणि टेबल हलवायचं. भूगोलाला नकाशा काढायचा आणि विचारायचं की किल्लारी त्या पट्ट्यात का होती आणि नंतर तिचा पट्टा का बदलला. मराठीच्या तासाला आजी-आजोबांकडून त्या पहाटेची हकीकत ऐकून लिहून आणायची, त्यात मात्र एक जादा प्रश्न ठेवायचा: तुमच्या घराचं काय पडलं आणि काय उभं राहिलं? जाणती माणसं या प्रश्नाला फार नेमकी उत्तरं देतात. कितीतरी घरांत खणाचे लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी राहिल्या, कोसळल्या त्या भिंती. हलक्या गवती छपराच्या झोपड्यांतली माणसं बव्हंशी वाचली. भक्कम वाडा घात करतो आणि झोपडी जीव वाचवते, हे ऐकलं की मूल विचार करू लागतं.

आणि सेवा? तीही याच भिंतीतून निघते. पुनर्वसनात जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम उभा राहिला. गावं नव्याने वसवण्याबरोबरच अनेक जिल्ह्यांतल्या हजारो गावांत उभी असलेली घरं मजबूत करण्याचं काम झालं. भिंतीत आरपार पकड देणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवणं, दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग पट्टा बांधणं, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार देणं, अशी ती साधी कामं होती. घरमालकानेच लक्ष घालून बांधायचं असल्यामुळे गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून तयार केलं गेलं. त्यांनी गवंड्यापुढे उभं राहून पट्टा कुठे आहे हे विचारायला सुरुवात केली. हीच परंपरा शाळेने पुढे चालवावी. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या गावात फिरून पाहावं की तेव्हा घातलेले पट्टे आज शाबूत आहेत का, आणि नवी खोली चढवताना पट्टा घातला जातो का. नव्या वसाहतींत घरं वाढवताना लोकांनी जुन्या गावातले दगड परत वापरल्याचं अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. दगड तोच, बांधण्याची रीतही तीच, फक्त माणसं नवी. अशा ठिकाणी पाचशे रोपं लावण्यापेक्षा एका घरमालकाला पट्ट्याचं महत्त्व पटवणं हे मृतांना वाहिलेलं जास्त खरं तर्पण आहे.

किल्लारीने सेवेबद्दलही काही शिकवलं, तेही मुलांपासून लपवू नये. पहिल्या आठवड्यात देशभरातून मदत लोटली आणि रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले. कुणाला काय हवं हे न विचारता दिलेल्या मदतीची ती गत होती. याच्या उलट, भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं आणि पुढची कित्येक वर्षं सांभाळलं. राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं करून मुलांना त्यांच्याच मुलुखात ठेवलं. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला मुक्काम ठोकला आणि तिथेच शाळा चालवली. मुलांना दूर न्यावं की जवळ ठेवावं, यावर मतं वेगळी असू शकतात आणि वर्गात त्यावर चांगली चर्चा होऊ शकते. सगळ्यांत समान गोष्ट एकच होती: कॅमेरे गेल्यावरही ही माणसं तिथे होती.

याच वाटेने जपान कुठवर गेला, ते पाहण्यासारखं आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. कामाइशी शहराने १८९६ आणि १९३३ सालच्या त्सुनामी भोगलेल्या होत्या. तरीही मधल्या काळात समुद्रात प्रचंड भिंत उभी राहिली आणि लोक निर्धास्त झाले. तोशिताका कातादा या अभ्यासकाने काही वर्षं आधीपासून तिथल्या शाळांत काम सुरू केलं होतं. त्सुनामीची गोष्ट वार्षिक दिनापुरती न ठेवता ती गणिताच्या उदाहरणांत आली. धोक्याच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, हे मुलांना शिकवलं गेलं. माध्यमिक शाळेतल्या मुलांनी दारावर लावण्याच्या पाट्या तयार करून वस्तीत वाटल्या: ‘आम्ही निघून गेलो आहोत’ असं सांगणारी पाटी, म्हणजे शोधायला येणारा माणूस रिकाम्या घरासाठी थांबून स्वतःचा जीव गमावणार नाही. किती लहान काम, आणि कारणाशी किती घट्ट बांधलेलं! आधीच्या त्सुनामींत माणसं एकमेकांना शोधता शोधता बुडाली होती, ते या पाटीमागे आहे. प्रत्यक्ष दिवशी माध्यमिकची मुलं पळत सुटली, शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानांचे हात धरून उंचावर गेली. दोन्ही शाळा नकाशात सुरक्षित दाखवल्या होत्या. दोन्ही पाण्याखाली गेल्या. शाळेत हजर असलेली मुलं वाचली.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर, इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. भूकंपानंतर जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं मैदानात थांबवली होती. शाळेच्या मागेच टेकडी होती. पालकांना सांत्वन मिळालं, पण उत्तर मिळेना. त्यातले काही न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सेंदाई उच्च न्यायालयाने ठरवलं की शाळेची आणि शिक्षण मंडळाची आधीची तयारीच अपुरी होती. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्या शाळेचे अवशेष आज जपून ठेवले आहेत आणि मुलं गमावलेले पालक तिथे आलेल्यांना ती टेकडी दाखवतात. कुणाला कटुता वाटेल, मला ते स्मरणाचं सर्वांत प्रौढ रूप वाटतं. मेलेल्या मुलासाठी आई-बाप एवढंच करू शकतात की जिवंत मुलांच्या शाळांना जागं ठेवायचं.

आपल्याकडे या बाबतीत एक हळवी पळवाट आहे. २६ जानेवारी २००१ ला कच्छमधल्या अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत चाललेली १८५ मुलं आणि २० शिक्षक भूकंपात गाडले गेले. त्यांचं स्मारक २०२२ मध्ये झालं, नाव ‘वीर बालक स्मारक’. नाव देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण ती मुलं शौर्य गाजवताना गेली नाहीत. अरुंद गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंच्या इमारती अंगावर आल्या म्हणून गेली. वीर म्हटलं की वंदन करून पुढे जाता येतं. मुलं म्हटलं की गल्ली एवढी अरुंद का होती आणि इमारती एवढ्या कच्च्या का होत्या, हे विचारावं लागतं.

इथवर भिंती, पाणी आणि वायू होता. माणसाने माणसावर हल्ला केला असेल तेव्हा काय? तिथे कारण शिकवणं जास्त अवघड आहे, कारण चुकीचं कारण शिकवलं तर दुसरी शोकांतिका घडते. अमेरिकेने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठ वर्षांनी, २००९ मध्ये, तो दिवस कायद्याने सेवा आणि स्मरणाचा दिवस ठरवला. कल्पना हल्ल्यात भाऊ गमावलेल्या एका माणसाची आणि त्याच्या मित्राची. आज तिथली मुलं त्या दिवशी गरजूंसाठी अन्नाची पाकिटं भरतात, जवानांना पत्रं लिहितात. सुडाच्या दिवसाचा सेवेचा दिवस करणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तरी प्रश्न उरतो. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात एका पगडीधारी शीख पेट्रोलपंपमालकाला हल्लेखोरांच्या जातकुळीचा समजून गोळी घातली गेली. पुढे दोन देशांत दीर्घ युद्धं झाली. पाकिटं भरणाऱ्या मुलाला यातलं काही कळलं नाही, तर त्याची सेवा चांगुलपणाची सवय लावेल, पण तो दिवस त्याला काही सांगणार नाही.

इथे भिवंडीचं उदाहरण उपयोगी पडतं. १९८४ मध्ये हे शहर हिंदू-मुस्लीम दंगलीत होरपळलं होतं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्त्या-वस्त्यांत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसतील अशी व्यवस्था केली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगलीचं एक कारण ओळख तुटणं हे होतं, आणि काम ओळख जोडण्याचंच निवडलं गेलं. नंतर मुंबईतही अशा समित्या झाल्या. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचा १२ मार्च किंवा दहशतवादी हल्ल्याचा २६ नोव्हेंबर पाळणाऱ्या आपल्या शाळेने मेणबत्त्या जरूर लावाव्यात. पण त्या मुलांची वर्षातून काही वेळा दुसऱ्या वस्तीतल्या, दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या धर्माच्या शाळेशी गाठ पडत असेल, एकत्र खेळणं आणि शिकणं होत असेल, तर त्या मेणबत्तीला अर्थ येईल. अफवा कशी तपासायची, हे शिकवणं हीदेखील सेवाच आहे.

सेवा आणि प्रश्न यांची जोडी आपल्याला परकी नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे: कर्ज का काढलं, पोराला शाळेत का नाही घातलं, देवापुढे बोकड का कापला. नुसता झाडू असता तर बाबा एक कष्टाळू साधू राहिले असते. नुसतं कीर्तन असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. आपण शाळांमध्ये त्यांच्या नावाने झाडू ठेवला आणि कीर्तन सोडलं. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं असोत, कार्यानुभवाचा तास असो, श्रमदान छान होतं, पण हे काम इथेच आणि आत्ताच का, याची चर्चा क्वचितच होते. मग प्रकल्पवही दुकानात तयार मिळते, चित्रं आधीच कापून ठेवलेली असतात आणि मूल गुणांसाठी दुःख चिकटवतं.

मुलांना कारण शिकवण्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला: लहान मुलांच्या मनावर ताण येईल. खरं आहे, म्हणूनच वयाप्रमाणे पायऱ्या हव्यात. दुसरीच्या मुलाला ढिगाऱ्याचे फोटो दाखवू नयेत. त्याला टेबलाखाली डोकं झाकून बसायला शिकवावं, तेही खेळ म्हणून. कारणांची चर्चा सातवी-आठवीनंतर. अनुभव असा आहे की भीती वाढते ती हतबलतेने, आणि हाताला काम मिळालं की ती ओसरते. दुसरा आक्षेप असा की कारणं वादग्रस्त असतात, शिक्षक अडचणीत येतील. हा आक्षेप शिक्षकांचा नाही, त्यांच्या वरच्यांचा आहे. माळवदाचं वजन कुठल्याच पक्षाचं नाही. भोपाळमधली बंद यंत्रणा ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे. वाद जिथे आहे तिथे दोन्ही बाजू मांडता येतात, पण वाद नाही तिथेही गप्प राहायचं, ही सवय घातक आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: शोकग्रस्त माणसांचं प्रदर्शन होईल. मुलांची सहल किल्लारीला न्यायची आणि एखाद्या म्हातारीला रडवून परत यायचं, हे वाईटच. त्यावर उपाय म्हणजे जाताना काहीतरी काम घेऊन जाणं, आधी विचारून जाणं आणि पुन्हा जाणं. म्हातारीची हकीकत लिहून घेतली तर ती छापून तिच्या हातात ठेवणं.

तरीही हे सगळं दूरच्या गावाला नेण्याआधी एक जागा आहे, जिथे काम लगेच सुरू होऊ शकतं: स्वतःची शाळा. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकातून आग लागली, गवती छप्पर पेटलं आणि ९४ मुलं जळाली. त्यानंतरच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. म्हणजे नववीच्या मुलांनी वही घेऊन शाळेत फिरणं ही कुणाची मेहेरबानी नाही. बाहेर जाण्याचं दार कुठल्या दिशेला उघडतं? मधल्या जिन्यावर कुलूप आहे का? प्रयोगशाळेतलं कपाट भिंतीला पकडलेलं आहे का? गॅसचं सिलिंडर वर्गाला लागून आहे का? इमारतीला सलग पट्टा आहे का आणि नसेल तर ती कुणी तपासली? यातली अर्धी कामं मुलं, शिपाईमामा आणि एखादा सुतार मिळून शनिवारच्या दोन तासांत करू शकतात. उरलेली मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर देऊन वर कळवायची असतात. उत्तर आलं नाही तर तेही मुलांनी वहीत तारखेसह लिहावं आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे ती वही द्यावी. ३० सप्टेंबरचा किंवा १६ जुलैचा कार्यक्रम त्या वहीच्या वाचनाने सुरू व्हावा. मौन त्यानंतर पाळावं. ज्या शाळेत मुलाला स्वतःच्या वर्गाच्या भिंतीबद्दल विचारता येत नाही, त्या शाळेने दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्याला दोन मिनिटं गप्प उभं करू नये.